ब्लँकमध्येच पीक येतात, सिस्टीम धुवायची तरी किती?

प्रश्न: आमच्या एलसी-एमएसवर (एलसी मिश्रण वेगळं करते, एमएस त्यातल्या रेणूंचं मास मोजतं) दोन आठवडे झाले, साधा ब्लँक, म्हणजे नमुनाच नसलेलं सॉल्व्हंट, मारला तरी पीक दिसतात, ४१५, ४५९, ५०३ अशी मासची रांगच लागते. रात्रभर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चालवलं, सकाळी बरं वाटलं, दुपारी परत तेच. आता सगळे म्हणतायत फॉस्फोरिक ॲसिड मारून सिस्टीम धुवा. मारू का?

उत्तर: थांबा हो, ॲसिडचं नंतर बघू. तुम्ही दिलेले आकडे वजा करून बघा, दर वेळी ४४ चं अंतर येतंय. म्हणजे हे पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, त्याच्या साखळीतला एकेक तुकडा ४४ चा), डिटर्जंट, हँडक्रीम, गोळ्यांचं कोटिंग, कुठूनही येतं. (अंतर ५८ असतं तर पीपीजी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन ग्लायकॉल, म्हटलं असतं, आणि एकटाच ३९१ दिसला असता तर बहुतेक प्लास्टिसायझर.) तर पहिला प्रश्न, दोन आठवड्यांपूर्वी सॉल्व्हंटच्या बाटल्या कोणी साबणाने घासल्या का?

आयपीएने नळ्या धुतल्या जातात पण घाण बाटलीतच असेल तर दुपारपर्यंत ती परत येणारच. म्हणून आधी उगम शोधा. कॉलम तसाच ठेवा, काहीही इंजेक्ट न करता ग्रेडियंट (पाण्याकडून ऑरगॅनिक सॉल्व्हंटकडे हळूहळू बदलणारं मिश्रण) चालवा, एकदा त्याआधी सुरुवातीच्या मिश्रणावर ५ मिनिटं इक्विलिब्रेट करून आणि एकदा ३० मिनिटं. दुसऱ्या वेळी पीक चांगलेच वाढले तर घाण ए लाइनमधून, म्हणजे पाण्याच्या बाटलीकडून, येतेय, कारण पाणी जास्त असताना ती कॉलमच्या तोंडाशी साचत राहते आणि ऑरगॅनिक वाढलं की एकदम सुटते. वाढले नाहीत, पण ब्लँक इंजेक्ट केल्यावरच दिसले, तर ऑटोसँपलर (नमुना उचलून आत सोडणारा भाग) नाहीतर व्हायल, म्हणजे नमुन्याची छोटी बाटली, बघा. एवढ्या तासाभराच्या कामाने चार दिवसांची धुलाई वाचते, पण हे कोणी करत नाही, सगळे थेट धुवायलाच बसतात!

आता धुवायचंच तर कॉलम काढून त्याच्या जागी युनियन (दोन नळ्या जोडणारा तुकडा) लावा आणि एमएसकडे जाणारी नळी सोडवून वेस्टमध्ये टाका, नाहीतर सगळी घाण सोर्समध्ये, म्हणजे एमएसच्या तोंडाशी, जाईल. बफर चालू होता? मग आधी पाणी, आयपीएत सॉल्ट बसलं की वेगळंच दुखणं मागे लागतं. मग आयपीए, फ्लो मिनिटाला ०.२ मिली वगैरेच ठेवा, ते घट्ट असतं, प्रेशर चढतं. त्यानंतर पाणी, मेथॅनॉल, ॲसिटोनायट्राइल, आयपीए समसमान आणि त्यात ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड. वापरात नसलेल्या लाइन्सही धुवा, नीडल वॉश आणि सील वॉश हमखास राहून जातात, आणि इंजेक्शन व्हॉल्व्ह दोन्ही पोझिशनला फिरवा नाहीतर लूप तसाच राहतो.

फॉस्फोरिक अगदी शेवटी, तेही तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलं असेल तरच. ते एमएसमध्ये थेंबभरही जाता कामा नये, ते उडून जात नाही. नंतर वेस्टचा पीएच आत जाणाऱ्या पाण्याइतका होईपर्यंत पाणी सोडत राहायचं.

बाटल्या मात्र आजच बदला, आत जे भरणार त्याच सॉल्व्हंटने विसळा, साबण नको. उरलेल्यात वरून ओतायची सवय सोडा, आतले सिंकर (नळीच्या टोकाचे जड फिल्टर) नवे घाला. आणि एलसी-एमएस ग्रेडचं सॉल्व्हंट परत फिल्टर करत असाल तर ते बंद करा, बऱ्याचदा तो फिल्टरच घाण सोडतो.