पेशी 7 वर्षांत बदलतात, मग व्रण तसाच कसा?

तुमचा प्रश्न असा की दर 7 वर्षांनी शरीरातली एकूणएक पेशी नवी होते असं कुठेतरी ऐकलंय, मग गुडघ्यावरचा लहानपणीचा व्रण अजून जागच्या जागी कसा? प्रश्न एकदम बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. व्रणाकडे शेवटी येतो, आधी त्या 7 वर्षांचं बघू.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत त्यामुळे रक्तापासूनच सुरुवात करतो, सवय जात नाही. माणसाच्या अंगात साधारण 30 लाख कोटी पेशी असतात आणि त्यातल्या चार पंचमांशहून जास्त नुसत्या तांबड्या पेशी. या पेशीला केंद्रकच नसतं, हिमोग्लोबिन भरायला जागा हवी म्हणून मॅरोतून, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातून, निघायच्या आधीच ते बाहेर टाकून दिलेलं असतं. त्यामुळे स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतून ती दुमडून जाऊ शकते हे खरं, पण डागडुजी मात्र करता येत नाही, घासत घासत सुमारे 120 दिवस काढायचे आणि मग प्लीहा वगैरे तिला मोडीत काढणार, लोह तेवढं परत वापरात. म्हणून मॅरोला दर सेकंदाला 20 लाखांच्या वर नव्या पेशी बनवाव्या लागतात.

हे स्लाइडवर चक्क दिसतं. नवी कोरी तांबडी पेशी रक्तात आली की पहिला एखादा दिवस तिच्यात थोडा आरएनए उरलेला असतो, विशिष्ट निळा डाय घातला की तो जाळीसारखा रंगतो, आम्ही त्यांना रेटिक म्हणतो. तब्येत ठीक असली तर शंभरात साधारण एखादी रेटिक सापडते. आता हिशोब करा, आयुष्य 120 दिवसांचं आणि त्यातला एक दिवस जाळीचा, म्हणजे एका वेळी शंभरात जवळपास एकच निघणार ना! मला पहिल्यांदा हे गणित जुळलं तेव्हा फार मजा वाटली होती. शुगरवाल्यांची एचबीए1सी टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगते तेही यामुळेच, ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटतं आणि ती पेशी जगेल तितके दिवस तो पुरावा टिकतो. एखाद्याच्या तांबड्या पेशी आजारामुळे लवकर फुटत असतील तर रिपोर्ट फसवा चांगला येतो, हे लक्षात ठेवा.

बाकी ठिकाणी सगळा खेळ झिजेचा. आतड्याचं आतलं अस्तर 3 ते 5 दिवसांत बदलतं कारण दिवसभर अन्न घासतंय आणि पाचकरस चालू. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात. हाडं आपल्याला दगडासारखी वाटतात पण तिथेही एक टोळी पोखरत असते आणि दुसरी भरत असते, मोठ्या माणसात वर्षाला अंदाजे 10 टक्के सांगाडा नवा होतो. केमोथेरपीत केस, तोंड, पोट आणि रक्त यांनाच आधी फटका का बसतो ते आता कळलं असेल, झपाट्याने विभागणाऱ्या पेशी तिथेच असतात.

मग न बदलणाऱ्या पेशी आहेत की नाहीत हे कसं कळणार? तर 1950 आणि 60च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळपास दुप्पट झाला होता, हवेतल्या अणुचाचण्या बंद करण्याच्या 1963च्या करारानंतर तो उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हाची हवेतली पातळी तिच्या डीएनएमध्ये नोंदली जाते. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2005 मध्ये यावरून पेशींचं वय काढलं. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी माणसाच्याच वयाच्या निघाल्या. पुढे 2009 मध्ये हृदयाच्या स्नायूपेशींचं काढलं, पंचविशीत वर्षाला जेमतेम 1 टक्का बदलतात आणि पंच्याहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे जन्मभरात निम्म्या पेशीसुद्धा नव्या होत नाहीत. हार्ट अटॅकमध्ये गेलेला स्नायू परत भरून येत नाही त्यामागे हेच आहे.

सगळ्या शरीराची सरासरी काढली तर पेशींचं वय 7 ते 10 वर्षं असावं असा तेव्हा अंदाज होता, आणि ती सरासरीच लोकांनी वॉरंटी संपण्याची तारीख करून टाकली. आजोबा 80 वर्षांचे, नात 2 वर्षांची, सरासरी 41, पण घरात 41 वर्षांचं कुणीच नाही!

आता तुमचा व्रण. व्रण म्हणजे मुख्यतः कोलॅजन, आणि कोलॅजन ही पेशी नाहीच, पेशींनी बाहेर विणून ठेवलेला दोर आहे. जखम घाईने बुजवताना तो दाट आणि एकाच दिशेने विणला जातो, नेहमीच्या कातडीसारखा जाळीदार नाही, घामाच्या ग्रंथी नि केसांची मुळंही बहुधा परत येत नाहीत. नंतर आसपासच्या पेशी बदलल्या तरी नव्या येणाऱ्या त्याच विणीवर काम करतात, जुना नमुना पुढे चालू.

पण व्रण एकदा झाला म्हणजे निपचित पडून असतो असंही समजू नका. क जीवनसत्त्वाशिवाय धड कोलॅजन बनत नाही. पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर असलेल्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा तेव्हा कित्येक वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या जखमा परत उघडायच्या, कारण जुना दोर झिजणं थांबत नव्हतं आणि नवा विणला जात नव्हता. तुमच्या गुडघ्यावरचा व्रण 'तसाच' दिसतोय तो रोज थोडा थोडा नव्याने विणला जातोय म्हणून.