अमेरिकेला बाळासह जाताय? आधी कार सीटचा शिक्का बघा

भारतात मिळणाऱ्या बाळाच्या बऱ्याच कार सीटवर युरोपच्या सुरक्षा-मान्यतेचा नारिंगी ‘ई’ शिक्का असतो. अमेरिकेत तो चालत नाही. तिथे ‘एफएमव्हीएसएस २१३’ (मुलांच्या कार सीटचं अमेरिकी सुरक्षा मानक) लागतं. म्हणून सीट तिथेच, नवी घ्या. भाड्याच्या सीटला आधी अपघात झालाय का, हे कळत नाही.

सीट बसवताना गाडीचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून सोडा. बहुतेक गाड्यांत तो मागे जाताना लॉक होतो. मग सीट पट्ट्यापाशी धरून हलवा. इंचभराहून जास्त हलली, तर पुन्हा बसवा. बाळाचं तोंड मागे असेल, तर सीटचे पट्टे खांद्याइतके किंवा थोडे खाली, छातीची क्लिप (दोन्ही खांद्यांचे पट्टे जोडणारी) काखेच्या रेषेत. थंडी असली तरी जाड जॅकेट काढाच (आजी रागावतील, रागावू देत!). धडकेत ते दबतं आणि पट्टा सैल पडतो. पांघरूण पट्ट्यांवरून घाला.