ठाम ख्रिस्ती श्रद्धा आणि सर्वांना समान धर्मस्वातंत्र्य यांचा मेळ बसतो का?

आपल्या धर्मातच सत्य आहे असे मानणारा ख्रिस्ती माणूस इतर धर्मीयांच्या समान हक्कांना मनापासून पाठिंबा देऊ शकतो, की ती नाइलाजाची तडजोड असते, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहे. माझ्या मते तो मनापासून पाठिंबा देऊ शकतो आणि त्यासाठीचे कारण त्याला श्रद्धेच्या बाहेर शोधावे लागत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात गव्हाच्या शेतात उगवलेल्या निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला (बोधकथा) आहे. दास ते उपटायला निघतात तेव्हा धनी त्यांना थांबवतो, कारण त्याबरोबर गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही एकत्र वाढू द्या, असे तो सांगतो. शेत म्हणजे जग, असा खुलासा येशूने पुढे स्वतःच केला आहे. म्हणजे न्याय होणार आहे, पण तो करण्याचे काम राज्यसत्तेकडे सोपवलेले नाही.

याच दाखल्याच्या आधारे अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधले धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स यांनी 1644 साली ज्यू, मुसलमान आणि मूर्तिपूजक अशा सर्वांच्या उपासनास्वातंत्र्याची बाजू मांडली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीतून हद्दपार झाल्यावर त्यांनी 1636 मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवले होते. त्यांची श्रद्धा मुळीच सैल नव्हती. उलट ती इतकी कडक होती की सक्तीने करवून घेतलेली उपासना हा त्यांना देवाचाच अपमान वाटे.

अर्थात इतिहास नेहमीच असा उजळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. दोन नगरे, म्हणजे देवावर प्रेम करणाऱ्यांचे आणि स्वतःवरच प्रेम करणाऱ्यांचे, या जगात शेवटपर्यंत एकमेकांत मिसळलेली राहतील, असे लिहिणाऱ्या संत ऑगस्टीन यांनीच डोनॅटिस्टांविरुद्ध (उत्तर आफ्रिकेतील फुटून निघालेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध) शासकीय सक्तीचे समर्थन केले आणि त्याचे परिणाम युरोपने अनेक शतके भोगले. कॅथलिक चर्चने तर 7 डिसेंबर 1965 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत), धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेतून येणारा हक्क असल्याचे जाहीर केले. चुकीच्या मताला हक्क नसतो, हा जुना युक्तिवाद तेथे मागे पडला, कारण हक्क मताला नसतो, माणसाला असतो.

राजकारणात श्रद्धा लपवावी, असे मात्र मी म्हणणार नाही. पण सर्वांवर बंधनकारक होणारा कायदा मागताना, हीच सत्ता उद्या दुसऱ्या धर्माच्या हाती गेली तर मला ती मान्य होईल का, हे ख्रिस्ती माणसाने आधी स्वतःला विचारावे, कारण लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच त्यांच्याशी वागा, ही आज्ञा मतदानालाही लागू आहे.