स्वस्तातला डुप्लेक्सर घेण्याआधी

विजापूर रोडला गच्चीवर हॅम रेडिओचा रिपीटर (सिग्नल ऐकून तोच पुढे पाठवणारा संच) बसवतोयस, फार बरं वाटलं. पण तो छोटा चपटा डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर एकाच वेळी ऐकणं आणि पाठवणं जमवणारा फिल्टर, स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नकोस. असे बहुतेक इनपुट-आउटपुटमधल्या साधारण ५ मेगाहर्ट्झ अंतरासाठी बनवलेले असतात. आपल्या १४४-१४६ मेगाहर्ट्झच्या बँडवर हे अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. तिथे मोठ्या, नळकांड्यांसारख्या कॅव्हिटीच (धातूचे पोकळ फिल्टर) लागतात. १५०-१७४ साठीच्या मिळाल्या तर ट्यूनिंगचा रॉड पूर्ण आत सरकवून १४५ पर्यंत उतरतात का, ते आधी बघ. कॅव्हिटींमधल्या केबलीही लांब कराव्या लागतात. नवखे हे हमखास विसरतात.

एकेक कॅव्हिटी सुटी करून ट्यून कर. ट्रान्समीटरकडच्यांचा नॉच (सिग्नल अडवणारी खाच) रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर, रिसीव्हरकडच्यांचा ट्रान्समीटरच्या. सगळं जोडल्यावर मोकळ्या पोर्टला ५० ओहमचा लोड हवाच. तेव्हाचा नॉच इतका खोल असतो की नॅनोव्हीएनएला (फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) तो पुरता दिसत नाही. म्हणून शेवटी कमकुवत सिग्नल ऐकत ट्रान्समीटर चालू कर. खरखर वाढली तर काम बाकी आहे.

आणि डुप्लेक्सर पत्र्याखाली ठेवू नकोस. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, नॉच सरकतो. जानेवारीत ट्यून केलेला माझा संच मेमध्ये बहिरा झाला होता.