देवराईतल्या बियांपासून रोपं करताना

पहिल्याच वर्षी वीस जातींच्या मागे लागू नका. जांभूळ, बहावा आणि वावळा एवढे पुरे.

बी एकाच झाडाखालून भरून आणू नका. एकाच आईची लेकरं लावली तर पुढची पिढी कमकुवत निघते. एकमेकांपासून लांबच्या दहा-पंधरा झाडांखालून थोडं थोडं वेचा. पडलेल्यातलं बरंचसं पाखरांना आणि मातीला राहू द्या. देवराईत जाताना आधी गावकऱ्यांना विचारा, ती त्यांची आहे.

जांभळाची बी वाळवली की मेलीच. गर धुऊन आठवड्याच्या आत पेरा. एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात, त्यातला जोमदार ठेवा. बहाव्याचं उलट: कवच टणक असल्याने पाणी आत शिरत नाही. बियांची एक कड पॉलिश पेपरवर घासा, गर्भाचं टोक, म्हणजे जिथून कोंब फुटतो ते, मात्र सांभाळा, आणि रात्रभर भिजवा. फुगल्या त्याच पेरा, उरलेल्या पुन्हा घासा. वावळ्याची पंखवाली बी उन्हाळ्यात मिळते, ती ताजीच वरवर पेरा.

पिशवीत दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. कच्चं शेण घातलंत तर मुळं जळतात. बी तिच्या जाडीच्या दुप्पट खोल, त्याहून खाली नको. पिशव्या दर महिन्याला हलवा, नाहीतर मुळं जमिनीत घुसतात आणि उचलताना तुटतात.

आणि कळकळीची विनंती: कासच्या पठारासारखे सडे, म्हणजे खडकाळ उघडे माळ, ‘उजाड’ समजून तिथे झाडं लावू नका. तिथली रानफुलं पातळ मातीवर, उघड्या उन्हातच जगतात. सावली त्यांना मारते.