"आधी एफआयआर आणा" म्हणणारं हॉस्पिटल आणि भरत आलेलं वर्ष

पत्र कोल्हापुरातल्या एका मामांचं आहे. अशी पत्रं सारखी येतात, गाव तेवढं बदलतं, म्हणून थोडक्यात सांगते. भाची सज्ञान, तिच्यावर बलात्कार झाला, त्याच रात्री मामा आणि तिची आई तिला शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात घेऊन गेले. कॅज्युअल्टीत दोन हजार भरून घेतले, दुखण्याचं एक इंजेक्शन दिलं आणि "ही पोलीस केस आहे, आधी एफआयआर आणा नायतर सीपीआरला जावा" म्हणून परत पाठवलं (सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल). मग घरी चर्चा, पाहुण्यांना फोन, लोक काय म्हणतील, आणि चौथ्या दिवशी पोलीस ठाणं, तिथून सीपीआरला तपासणी. आता दोषारोपपत्र दाखल आहे, आरोपीच्या वकिलाने जामिनाच्या वेळी "चार दिवस काय करत होता" एवढंच धरून ठेवलं होतं, आणि पुढे मुलीची साक्ष आहे. मामा विचारतात, त्या हॉस्पिटलवर काय करता येईल का, का मेन केस संपली की निवांत बघू?

निवांत अजिबात नाही मामा. पण त्याआधी एक. तुम्ही पत्रात मुलीचं नाव, गाव, कुठे कामाला आहे, सगळं लिहून पाठवलंत, वर एफआयआरचा फोटो. मी ते डिलीट केलंय. पुन्हा कुणालाही असं पाठवू नका, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही, पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मामा आहे म्हणून त्यात सूट नाही.

आता मुद्द्यावर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ (जुन्या सीआरपीसीचं ३५७-सी) सांगतं की हॉस्पिटल सरकारी असो की खाजगी, बलात्काराच्या पीडितेला ताबडतोब प्रथमोपचार किंवा उपचार द्यायचे, फुकट द्यायचे, आणि पोलिसांना ताबडतोब कळवायचं. कुणी कळवायचं? हॉस्पिटलने. म्हणजे काउंटरवरच्या माणसाने तुम्हाला जे करून आणायला सांगितलं ते त्याच्याच हॉस्पिटलचं काम होतं, आणि वर त्याने दोन हजार घेतले. हे न करणाऱ्या हॉस्पिटलच्या प्रमुखाला न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. (विनयभंगाची केस असती तर सज्ञान बाईसाठी हे ३९७ लागलं नसतं, म्हणून एफआयआरला न्याय संहितेचं कलम ६४, म्हणजे बलात्काराचं, आहे ना ते एकदा बघून घ्या.)

आणि सगळं अडकलंय ते या "एक वर्षापर्यंत" मध्ये. ज्या गुन्ह्याला शिक्षाच जास्तीत जास्त एक वर्ष, त्याची दखल कोर्टाने घ्यायची, म्हणजे केस चालवायला घ्यायची, मुदत पण एकच वर्ष, सुरक्षा संहितेचं कलम ५१४ (पुढची कलमंही त्याच संहितेची). बलात्काराच्या केसला अशी मुदत नाही, ती चालत राहील, पण हॉस्पिटलविरुद्धची तक्रार त्या रात्रीपासून वर्षाने मेली म्हणून समजा. तुम्ही दिलेल्या तारखेवरून तुमच्या हातात महिनासुद्धा राहिलेला नाही. अकरा महिने काय केलंत हे विचारत नाही, विचारून उपयोग नाही. उशीर माफ करायचा अधिकार कलम ५१९ खाली कोर्टाला आहे, पण त्या भरवशावर बसणं म्हणजे शेवटची एसटी चुकली तरी पुढची मिळेल म्हणत स्टँडवर चहा पिणं. बरी गोष्ट एवढीच की मुदत मोजताना तक्रार दाखल केल्याची तारीख धरतात, कोर्टाने दखल घेतल्याची नाही, हे नव्या संहितेत स्पष्टच लिहिलंय. त्यामुळे कोर्ट किती महिने नोटिसा काढत बसेल ते बसू दे (नव्या कायद्यात दखल घेण्याआधी समोरच्यालाही ऐकून घ्यावं लागतं, म्हणजे बसेलच), तुमची तक्रार आत गेलेली असली म्हणजे झालं.

पोलीस म्हणतील की हा गुन्हा अदखलपात्र आहे, कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, आम्ही एनसी, म्हणजे नुसती नोंद, लिहून देतो. बरोबर आहे, अदखलपात्रच आहे. म्हणून पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारू नका, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम २२३ ची खाजगी तक्रार, कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात, सरळ. मेन केसमध्येच हे कलम वाढवून मिळेल असं कुणी सांगेल, मिळेलही कदाचित, पण त्यावर विसंबून वर्ष घालवू नका.

तुम्हाला वाटत असेल की हॉस्पिटलला धडा शिकवणं ही वेगळी लढाई आहे. तसं नाही. आरोपीचा वकील चार दिवस म्हणतोय ना, त्याला तुमचं उत्तर हीच ती रात्र आहे. मुलगी काही तासांत दवाखान्याच्या दारात होती, तिला परत पाठवलं. निव्वळ उशिराने केस पडत नाही, उशिराचं कारण पटलं पाहिजे, सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या गुरमितसिंग निकालापासून हेच सांगितलंय. पण पटायला कागद लागतो. तुम्ही लिहिता "पावती कुठंतरी असेल". कुठंतरी म्हणजे कुठं? ती आजच शोधा. नाही सापडली तर पैसे फोनवरून दिले असतील तर त्या तारखेचं बँक स्टेटमेंट काढा, त्यात वेळ कळत नसेल तर ॲपमधली एंट्री आहे तिचा स्क्रीनशॉट घ्या, फोन बदलायच्या आत. हॉस्पिटलला स्पीड पोस्टाने लेखी मागणी करा की त्या रात्रीचा केसपेपर आणि कॅज्युअल्टी रजिस्टरची नोंद द्या, पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे मागणीवर सही मुलीची पाहिजे. सीसीटीव्ही केव्हाच पुसला गेला असणार, ते सोडा. ह्याच कागदांवरून सरकारी वकिलांना सांगा की ते रजिस्टर कोर्टाने मागवावं आणि त्या रात्रीच्या ड्युटी डॉक्टरला साक्षीला बोलवावं, कलम ३४८ खाली साक्षीदाराला असं बोलावता येतं. करतील का, ते सरकारी वकिलांवर आहे, अर्ज मात्र लेखी द्या, तोंडी सांगितलेलं टेबलावरच राहतं.

हॉस्पिटल आता घाबरून दोन हजार परत देईल आणि "आमची काही तक्रार नाही" असा कागद पुढे करेल. सही करायची नाही. तो कागद उद्या आरोपीच्या वकिलाच्या फाईलमध्ये निघेल.

सीपीआरच्या मेडिकल रिपोर्टची कॉपी मिळाली असेल तर त्यात टू फिंगर टेस्टचा (योनीत दोन बोटं घालून करायची जुनी तपासणी) किंवा "शरीरसंबंधांची सवय" असा शेरा आहे का ते वकिलाकडून बघून घ्या. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२२ ला ही टेस्ट करणाऱ्यावर गैरवर्तनाचा ठपका बसेल असं म्हटलंय, तरी शेरे येतात.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण पुढचं पत्र त्यांच्यापैकीच कुणाचं तरी असणार. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि २८ दिवस घ्यायचं असतं, गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी बरी, नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेतात पण अंघोळ झाली की बरंच गेलं, कपडे धुवू नका, प्लॅस्टिकच्या नव्हे तर कागदी पिशवीत ठेवा. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं तरी आपण तक्रार द्यायची की नाही हे सज्ञान बाई नंतर ठरवू शकते, ती नको म्हणाली तर तसं लिहून घेतात, उपचार थांबत नाहीत. गर्भ राहिला तर गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका, २४ पर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, त्याच्या पुढे बहुतेक हायकोर्ट, आणि त्यासाठी कोल्हापूरकरांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबई गाठायची गरज नाही, हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

मामा, तुमच्या चार पानी पत्रात मुलगी काय म्हणते याची एक ओळ नाही. तिला विचारा. हॉस्पिटलची तक्रार तिने स्वतः करू नये असं माझं मत आहे, कारण तक्रारदाराचा शपथेवर जबाब होतो, आणि तिच्या दोन जबाबांत कुठे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की उलटतपासणीत तोच ताणतात. काउंटरवर जो उभा होता त्याने करावी, आणि जबाब त्या काउंटरपुरताच ठेवावा. आरोपी म्हणून काउंटरवरचा पोरगा नको, हॉस्पिटलचा प्रमुख, त्याचं नाव नोंदणी सर्टिफिकेटवर असतं आणि ते भिंतीवर लावलेलं असतं, बघून या.

वकिलाची फी परवडत नाही म्हणालात. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, पुरुषाला सहसा उत्पन्नाची अट लागते. काउंटरवर तुमच्यासोबत तुमची बहीण पण होती ना, मग तक्रार तिच्या नावाने करा, आणि सोमवारीच कसबा बावड्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. तिथंच राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचंही विचारा, बलात्काराच्या पीडितेला दहा लाखांपर्यंत मदत आहे, किती आणि केव्हा ते त्यांच्या हातात. १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन केलात तरी चालेल, पण जाऊन आलेलं बरं, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.