ग्रासकटरमध्ये ई-२० पेट्रोल वापरावे का?

पंपावर आता बहुधा २० टक्के इथेनॉल मिसळलेलेच (ई-२०) पेट्रोल मिळते, ते काजूच्या बागेतल्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या) ग्रासकटरला घालावे की नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे यंत्र रोज चालत असेल आणि कार्ब्युरेटर (हवा व पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) त्या इंधनासाठी लावून घेतलेला असेल, तर काम निभते. पण तेच पेट्रोल टाकीत ठेवून यंत्र पडवीत टांगले, की नुकसान ठरलेलेच. मात्र आधी यंत्राची पुस्तिका पाहावी. अशा बहुतेक यंत्रांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉलची मुभा असते आणि त्याहून जास्त प्रमाणाचे इंधन वापरल्यास हमी नाकारली जाऊ शकते.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. नव्या मोटारीतला सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो. ग्रासकटरच्या कार्ब्युरेटरला जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या ठरावीक बारीक छिद्रातून) येईल तेवढेच इंधन ठाऊक असते. त्यामुळे पेट्रोलवर लावलेले यंत्र ई-२० वर ‘लीन’ चालते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, इंजिन तापते, प्लगचे टोक पांढरट दिसू लागते आणि भर उन्हात सलग गवत कापताना पिस्टन चिकटण्याची भीती राहते. रेस न देता आवाज चढलेला राहून पाते आपोआप फिरू लागले, तर तिथेच यंत्र बंद करावे. यावर उपाय म्हणून ऑइल वाढवणारे पुष्कळ भेटतात. परंतु ऑइल वाढले की मिश्रणातले पेट्रोल आणखी घटते, म्हणून पुस्तिकेतले प्रमाण (५०:१, म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, असेल तर लिटरला २० मिली) सोडू नये आणि मेकॅनिककडून कार्ब्युरेटरचा हाय-स्पीडचा स्क्रू थोडा सैल करून घ्यावा, म्हणजे पेट्रोल जास्त येते.

खरी गोम पाण्याची आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरते, कॅन उघडा राहिला तर पावसाचे थेंबही जातात, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी बसते. त्या थरात ऑइल जवळजवळ नसते आणि इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनाला तर पेट्रोलमधल्या ऑइलखेरीज दुसरे वंगण नाही. माझ्या जुन्या यंत्राची रबरी नळी एका पावसाळ्यात फुगून मऊ झाली आणि कार्ब्युरेटरच्या तळाशी पांढरी भुकटी जमली, ती अशाच विसरलेल्या टाकीमुळे. आता नळी बदलताना मी इथेनॉलला टिकणारीच मागून घेतो.

म्हणून आठवड्याभरात संपेल एवढेच मिश्रण बनवावे, कॅन घट्ट झाकणाचा असावा, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. फवारणी पंप किंवा जनरेटर फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल वेगळे असल्याने पिस्टनची काळजी कमी, पण साठवणुकीचा नियम तोच.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, हे घरी पाहता येते. उघड्या जागी, विस्तवापासून दूर, मापाच्या काचनळीत ८० मिली पेट्रोल (ऑइल न मिसळलेले) व २० मिली पाणी घालून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. खालचा थर ३६ मिलीच्या आसपास आला तर ते ई-२० आहे. अशाच रीतीने पाण्याने इथेनॉल काढून उरलेले पेट्रोल वापरण्याचा सल्ला काही जण देतात, तो मी देणार नाही, कारण त्याचा ऑक्टेन (इंजिनात अवेळी न पेटण्याची क्षमता) घटलेला असतो आणि पाण्याचा अंश मागे राहतो.